बदली पत्त्यांचे कुलथे काका

कुलथे काका कुणाच्याही घरातून निघताना दारात क्षणभर थांबायचे आणि दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब धरायचे. चपला पायात, पिशवी खांद्याला, तोंडानं 'येतो बरं का' चालू, आणि हात मात्र असे अधांतरी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, यांना काखेत गळू वगैरे झालंय. मग मागून काकू म्हणायच्या, "अहो, चला. इथं कुणी झडती घेत नाय तुमची." काका दचकून हात खाली घ्यायचे आणि स्वतःच हसायचे.

त्यांची सगळी नोकरी नाशिकरोडला सरकारी छापखान्यात गेली. पोस्टाच्या तिकिटांचे ताव तपासायचे. रोज सुटताना फाटकावर झडती व्हायची आणि त्यासाठी हात लांब करून उभं राहायचं. अंगाला लागलेली ती सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. "एवढी वर्षं झडती दिली, एकदाबी काय सापडलं नाय," हे ते सांगायचे तेव्हा छाती जरा पुढे यायची. सोसायटीतल्या इतर निवृत्तांच्या भिंतीवर मानपत्रं होती. काकांकडे हे एक वाक्य होतं.

त्यांच्याबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कारण त्यांच्याबद्दल लिहायचं तर थोडं माझ्याबद्दलही लिहावं लागतं, आणि ते काही फार शोभेसं नाही.

काका मूळचे देवळ्याकडचे. बोलण्यात हाय-नाय आणि लय, आणि फारच चमकले तर थेट अहिराणी. "हाई काय शे?" असं ते पुटपुटले की समजायचं, काहीतरी खोटं सापडलं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटं भिंग असायचं आणि ते कशावरही लागायचं. औषधाच्या पाकिटावर, पैठणीच्या काठावर, कॅलेंडरवरच्या लक्ष्मीवर. एकदा शेजारच्या कुटुंबानं मुलीची लग्नपत्रिका कौतुकानं आणून दिली. काकांनी पत्रिका वाचली नाही, आधी भिंग लावलं आणि म्हणाले, "गणपतीला दोन सोंडा हायेत." छपाईत लाल रंग केसभर सरकला होता. साध्या डोळ्यांना कुणालाच दिसत नव्हतं, पण मुलीच्या आईनं ते असं मनावर घेतलं, की सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. काकू महिनाभर काकांवर चिडून होत्या. काकांचं म्हणणं एकच: "मला दिसलं. दिसलं तर नाय कसं म्हणू?"

तरी लोक यायचेच. कुणी अंगठीतला खडा घेऊन, कुणी मुलाच्या होणाऱ्या सासऱ्यानं दाखवलेल्या दाखल्याची प्रत घेऊन. काका भिंग लावायचे आणि एकच शब्द बोलायचे. असली, नायतर नकली. 'बहुतेक' किंवा 'वाटतंय तरी' असलं काही त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी दत्तमंदिर चौकाजवळच्या गल्लीत स्टेशनरीचं दुकान टाकलं. वह्या, पेनं, राखीच्या दिवसांत राख्या, आणि तिकिटं जमवणाऱ्यांसाठी अल्बम. दोन हजारच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यानं वह्यांबरोबर एका परदेशी खेळाच्या पत्त्यांची पाकिटं गळ्यात मारली. बंद पाकीट. आत कुठले पत्ते आहेत ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. राक्षस, योद्धे, जादूगारणी. मिळतील त्यातून निवडून चाळीस पत्त्यांचा आपला गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याच्या गठ्ठ्याशी झुंजायचं. साधे पत्ते ढिगानं निघायचे. डाव फिरवणारा पत्ता क्वचित कुणाच्या नशिबी यायचा.

आम्ही बाराजण होतो. कॉलेजातले काही, सातपूरच्या कारखान्यात लागलेले काही, आणि एकटी मुलगी मी. वय चोवीस, काकांच्या दुकानापासून चार गाळे सोडून एका डिझाइन-छपाईच्या दुकानात नोकरी. रविवारी दुपारी काकांच्या दुकानामागच्या खोलीत दोन टेबलं लागायची. माझी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लग्नाच्या वयाची पोरगी पत्ते कुटते." पण काकू तिथं चहा करतात हे कळल्यावर ती जरा निवळली.

काका स्वतः खेळायचे नाहीत, पण प्रत्येक पत्त्याचं त्यांनी मराठीत बारसं केलं होतं. तीन डोक्यांच्या मगरीला ते 'आमचा सुपरवायझर' म्हणायचे. सगळ्यात भारी पत्ता होता राखेच्या राणीचा. ती आली की समोरच्याचं अख्खं सैन्य जळून जायचं. अख्ख्या नाशकात ती एकट्या निखिलकडे होती, कारण निखिलची आत्या अमेरिकेत होती. निखिल वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. स्वतःचे पत्ते तो कुणालाही हाताळायला द्यायचा. या हकिकतीत वाईट कोण, ते पुढे येईलच.

तर निखिल लागोपाठ पाच रविवार जिंकला. पाचव्या रविवारी सिन्नर फाट्याहून सायकलवर येणारा एक आयटीआयवाला त्याच्याशी इतका सुंदर खेळला, की आम्ही आपापले डाव सोडून बघत उभे राहिलो. शेवटी निखिलनं राणी टाकली आणि सगळं संपलं. काका दाराला टेकून बघत होते. म्हणाले, "ह्यो खेळ डोक्याचा हाय का आत्याचा?"

पुढच्या रविवारी काउंटरवर जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. ज्याच्याकडे जो पत्ता नाही, त्यानं तो पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हातानं लिहायचा. नाव, ताकद, नियम, सगळं, एक शब्दही न गाळता. चित्र हवं तर स्वतः काढायचं. छापील चित्र चिकटवायचं नाही. मग काका तो असली पत्त्याशी ताडून बघणार आणि त्यावर जांभळ्या शाईनं शिक्का मारणार: 'बदली'. एका गठ्ठ्यात असे पाच चालतील. शिक्का त्यांनी मुद्दाम करवून आणला होता.

काकूंनी कपाळाला हात लावला. "पाकिटं आपणच विकायची आन् पोरांना फुकट पत्ते आपणच लिहून द्यायचे. असलं दुकान जगात एकच असंल."

"ते लिहितेत. मी फक्त शिक्का मारतो," काका म्हणाले.

मला ते आधी पोरकट वाटलं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं. तेव्हा काकांनी मला समोर बसवलं. "मंजे," ते म्हणाले. माझं नाव मंजिरी, पण ते त्यांनी कधी पुरं उच्चारलं नाही. "मी सहा वर्षं बदली कामगार होतो. सकाळी फाटकाशी उभं राहायचं. कुणी कायमवाला रजेवर असंल तर आत घेणार, नायतर घरी. आता मला सांग, मशीनला कळायचं का, आज समोर कायम उभा हाय का बदली? काम तेच करायचो ना मी? पण एक हाय. बदलीनं बदली म्हणूनच आत जायचं. दुसऱ्याचा बिल्ला लावून गेला की तो संपला."

त्यांचा सगळा कायदा एवढाच होता, आणि तो मी मान हलवून ऐकला होता.

त्यानंतरची दोनेक वर्षं म्हणजे त्या खोलीचा सुवर्णकाळ. 'चि. सौ. कां.' च्या मागच्या बाजूला ड्रॅगन. आयटीआयवाल्यानं काढलेली राखेची राणी त्याच्या मावशीसारखी दिसायची, हे त्यानंच कबूल केलं होतं. निखिलसुद्धा खूश होता. हरायला लागला, पण म्हणायचा, आता जिंकलं की जिंकल्यासारखं वाटतं.

त्याच काळात काकांनी मला शेख मास्तरांची गोष्ट सांगितली. बदलीवर असताना काकांच्या हातून एक ताव तसाच पुढे गेला. रंग सरकलेला. पुढच्या टेबलावर तो पकडला गेला. प्रत्येक गठ्ठ्यात तपासणाऱ्याच्या नंबराची चिठ्ठी असायची. साहेब चिठ्ठी शोधत आले, तोवर शेजारी बसणाऱ्या शेख मास्तरांनी काकांची चिठ्ठी काढून स्वतःची सारली होती. "मेरा गठ्ठा है साब. नजर चूक गयी." मास्तर कायम होते, तेवीस वर्षांची नोकरी, एक डाग नाही. "कायमला मेमो मिळतो, बदलीला रस्ता," काका म्हणाले. "मास्तरांना पहिला मेमो माझ्यापायी मिळाला."

"मग तुम्ही त्यांना काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? काय म्हणलो असतो तर बोलणं झालं असतं. त्यांनी ते होऊच दिलं नाय. दुसऱ्या दिवशी म्हणले, कुलथे, डबा खोल, भाजी कौनसी है."

मग मुंबईहून पत्र आलं. पत्ते आयात करणाऱ्या वितरकांना नाशिकमध्ये अधिकृत स्पर्धा घ्यायची होती. जिंकणारा पुण्याच्या अंतिम फेरीला जाणार. दुकानाला अधिकृत केंद्र म्हणून मान्यता आणि दारावर लावायला पाटी. अट एक. सगळे पत्ते असली. हातानं लिहिलेलं काहीही चालणार नाही.

काकांनी पत्र मोठ्यानं वाचलं आणि घडी घालून ठेवलं. "माझं मत इचाराल तर नको. पण खेळता तुम्ही. ज्याला असलीच पायजेत त्यानं हात वर करा."

सहा हात वर गेले. सहाजण तसेच बसून होते. मी त्या बसलेल्यांत होते आणि मी मोजलं होतं, म्हणजे माझ्या हातावर आहे हे मला ठाऊक होतं. मला पुणं दिसत होतं. 'अधिकृत' हा शब्द दिसत होता. आणि खरं सांगायचं तर त्या लग्नपत्रिकांची मला लाज वाटायला लागली होती. दिवसभर मी गुळगुळीत छापील कामं करायची आणि रविवारी कुणाच्या तरी मुंजीच्या आमंत्रणामागे लिहिलेला राक्षस घेऊन लढायची. मी हात वर केला.

काकांनी बदली पत्ते ठेवलेला बिस्किटांचा डबा काढला आणि ज्याचे त्याला हातात दिले. "घरी न्या. फाडायचं नाय कुणी." माझे मला देताना म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं हाय."

घरी येऊन गठ्ठा बांधायला बसले तेव्हा उजेड पडला. बदली काढल्यावर माझ्या गठ्ठ्यात राम उरला नव्हता. ज्या पाच पत्त्यांवर मी जिंकत होते ते पाचही मीच हात वर करून घालवले होते. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? हरला असता. मी तेवढी शहाणी नव्हते.

स्पर्धेचं पोस्टर करायचं काम माझ्याकडे होतं. त्यासाठी निखिलनं राखेची राणी स्वतःहून आणून दिली. "स्कॅन कर आणि सावकाश परत दे," म्हणाला. आमच्या दुकानात नुकताच रंगीत लेझर प्रिंटर आला होता. मालक दुपारी जेवायला घरी जायचे. तीन दुपारी मी शटर अर्धं ओढून बसले. एक साधा असली पत्ता घेतला, त्याच्या तोंडाचा कागद पाण्याच्या हातानं हळूहळू सोलून काढला, पाठ तशीच ठेवली, आणि छापलेली राणी वर डकवली. कडा घासल्या, कोपरे गोल केले, वरून झिलई. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही राण्या शेजारी ठेवल्या आणि मला स्वतःला ओळखता येईना. त्या क्षणी मला अभिमान वाटला. आज ते लिहिताना कान गरम होताहेत.

स्पर्धा पितृपक्षात ठेवली होती, कारण त्या पंधरवड्यात मंगल कार्यालय रिकामं असतं. काकूंना ते अजिबात पसंत नव्हतं. "पितरांच्या दिवसांत राक्षस खेळवतेत," असं म्हणत त्यांनी सगळ्यांसाठी पोहे मात्र केले. मुंबईचा प्रतिनिधी आला होता. कंपनीचा टी-शर्ट घातलेला, पंचविशीचा, सभ्य मुलगा. काकांच्या नजरेची ख्याती त्यानं ऐकली होती. तक्रार आली तर पत्ता तपासायचं काम त्यानं काकांकडे दिलं. कोपऱ्यात टेबल, टेबलावर पांढरा कागद, कागदावर भिंग. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पुष्कळ दिवसांनी ते ड्यूटीवर आल्यासारखे बसले होते.

अंतिम डाव निखिलचा आणि माझा झाला. राणी मी तोवर एकदाही काढली नव्हती. न काढता जमतंय का बघत होते, पण जमेना. मी राणी टाकली.

निखिल पत्त्याकडे बघतच राहिला. "एक मिनिट. ही तुझ्याकडे कशी? नाशकात एकच आहे. माझी."

प्रतिनिधीनं पत्ता उचलला आणि काकांच्या टेबलावर नेला. मी मागोमाग गेले. काकांनी हात रुमालाला पुसले, भिंग लावलं आणि वाकले. त्यांना खडा ओळखायला जेवढा वेळ लागायचा तेवढा गेला. मग आणखी तेवढा गेला. लेझर प्रिंटरची छपाई आणि कारखान्याची छपाई यांत रंगाचे थेंब वेगळे पडतात, आणि मला जर हे माहीत होतं तर त्यांना माहीत नव्हतं असं म्हणायला मी काही वेडी नव्हते. पंख्याचा आवाज येत होता. काकांनी मान वर केली. प्रतिनिधीकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मग पत्ता पालथा करून माझ्यापुढे सरकवला.

"असली," ते म्हणाले.

मी जिंकले. निखिलनं हात मिळवला आणि वर म्हणाला, "सॉरी मंजिरी, उगाच शंका घेतली."

सामान आवरताना काकांनी एवढंच विचारलं, "पुण्याला जाणारेस?"

"हो."

"तिथं तपासणारे दुसरे असतील."

मला मागे फिरायला एवढं पुरेसं असायला हवं होतं. पण मी ते काळजीनं विचारलेलं काहीतरी आहे असं धरून चालले. तोवर मी मनाशी एक सोयीचं उत्तर तयार केलं होतं: काकांना दिसलंच नसेल. वय झालंय. हॉलमध्ये उजेड कमी होता. हे उत्तर मी पुढे बरीच वर्षं वापरलं.

पुण्याला पत्ते तपासायला एक मुलगी होती. तिच्याकडे भिंग नव्हतं, छोटी बॅटरी होती. असली पत्त्याच्या पोटात काळसर थर असतो, त्यातून उजेड जात नाही. माझ्या राणीतून ठिकठिकाणी उजेड आला. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "हा कुठून घेतलात?"

'मी केला.' दोन शब्दांचं उत्तर होतं. तेवढं म्हटलं असतं तर मला हाकललं असतं, थोडी शोभा झाली असती, आणि विषय संपला असता. पण तिच्यामागे चाळीसएक माणसं बघत होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "नाशिकरोडच्या दुकानातून. कुलथे काकांनी तपासून दिलाय."

तिनं ते लिहून घेतलं.

येताना गाडीत मी ठरवलं होतं, उतरल्याबरोबर काकांकडे जायचं. सोमवारी ठरवलं, मंगळवारी ठरवलं. गुरुवारी गेले, तर दुकानापुढे मुंबईच्या प्रतिनिधीची मोटार उभी. आत तो आणि आणखी एक माणूस कपाटातली पाकिटं काढून एकेक फोडून बघत होते. सगळी असलीच निघत होती. काकू काउंटरमागे पदर तोंडाशी धरून उभ्या. आणि काका दाराशी. ते हात अंगापासून लांब धरून उभे होते. या वेळी काकू त्यांना चला म्हणाल्या नाहीत.

"काका, त्या मंजिरी मॅडमनी तुमचंच नाव सांगितलं," प्रतिनिधी म्हणत होता. त्यालाही अवघड जात होतं. "पत्ता इथून घेतला म्हणाल्या. आणि त्या दिवशी तुम्हीच तो पास केला. तुम्ही तर तिकिटांच्या छापखान्यात होता ना? मग हे कसं?"

काकांना मी पायरीवर दिसले. मी बोलायला तोंड उघडलं होतं, हे मी स्वतःशी पुष्कळदा घोकलंय. पण उघडलेलं तोंड कुणाच्या उपयोगी पडत नाही.

"गेला असंल माझ्याकडूनच," काका म्हणाले. "कुणीतरी आणून दिलेल्या सुट्या पत्त्यांत आला असंल. वय झालं आता. नजर चुकली."

"म्हणजे तुम्हाला ओळखता आलं नाही?"

"नाय आलं."

मग माझ्याकडे वळून त्याच आवाजात म्हणाले, "मंजे, उन्हात काय उभी? आत ये, पाणी पी."

मी आत गेले आणि पाणी प्यायले. हे मी केलं. काकूंनी दिलेल्या तांब्यातून, त्यांच्यासमोर, गटागटा पाणी प्यायले आणि कामावर जायचंय म्हणून निघून आले.

दुकानाची मान्यता गेली. पाटी तर अजून लागायचीच होती. पण पाटीचं काय एवढं नव्हतं. नाशिकरोडला छापखान्याच्या माणसाच्या नावाला 'डुप्लिकेट' हा शब्द चिकटला की तो निघत नाही. संध्याकाळी दुकानापुढच्या बाकावर बसणारे त्यांचे जुने सोबती एकेक करून यायचे थांबले. कुणी तोंडावर काही बोललं नाही. जे त्यांना चांगलं ओळखत होते ते म्हणायचे, "बिचाऱ्याची नजर गेली." जे कमी ओळखत होते ते दुसरंच म्हणायचे. अंगठ्या, दाखले, पैठण्या घेऊन येणं बंद झालं. एकदा वरच्या मजल्यावरच्या वहिनी सवयीनं एक मोत्यांचा सर घेऊन आल्या आणि अर्ध्या पायरीवर आठवल्यासारखं करून परत फिरल्या. काकांनी ते बघितलं. मीही तिथेच होते, रिफिल घेत होते.

रविवारची खोली पुन्हा उघडली नाही. निखिलनं एकदा मला विचारलं, "तो पत्ता तू खरंच काकांकडून घेतला होतास?" मी हो म्हणाले. दुसऱ्यांदा खोटं बोलायला पहिल्यापेक्षा कमी त्रास होतो.

काकूंनी काकांना जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेऊन चष्मा करवून आणला. तो बहुतेक वेळ कपाळावर असायचा. वर्षभरात दुकान गेलं आणि दोघं देवळ्याला काकांच्या भावाच्या शेजारी राहायला गेले. निरोपाला मी गेले नाही. लग्नाची खरेदी चालू होती, असं कारण माझ्याकडे होतं.

मध्ये सहा-सात वर्षं गेली. एका दुपारी मी नाशिकच्या जुन्या एसटी स्टँडवर नणंदेला आणायला गेले होते. फलाटाच्या बाकावर काकू दिसल्या. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. शेजारी काका, मांडीवर औषधांची पिशवी. पार वाळले होते. मला त्यांनीच आधी ओळखलं, लांबून. हात वर करून बोलावलं.

काकूंना फार आनंद झाला. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, नवरा काय करतो, मुलं किती, सासू कशी, सगळं विचारलं. मग आपल्या डोळ्याचं सांगितलं, आणि त्यावरून गाडी काकांच्या डोळ्यांवर आली. "माझं निदान ऑपरेशननं बरं व्हतं. यांचं काय? डॉक्टर म्हणतो काय नाय झालेलं, पण झाल्याबिगर का एवढं झालं? यांची नजर गेली तवाच दुकान गेलं, माणसं गेली. त्या एका पत्त्यापायी. अजून मला झोपंत ते पाकिटं फोडणारे दिसतेत." मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुझीबी फजिती झाली ना गं पुण्याला? यांच्या डोळ्यांपायी. मनात ठेवू नको हां."

मी काकांकडे बघितलं. ते समोर स्टँडच्या फाटकाकडे बघत होते. फाटक चांगलंच लांब होतं, मध्ये धूळ, रिक्षा, माणसं. एक लाल गाडी आत वळत होती. मला फक्त तिचा रंग दिसत होता.

"ऊठ," काका काकूंना म्हणाले, "आली. सटाणा गाडी हाय, वाया चांदवड-देवळा."

"तुम्हाला काय दिसतंय तिथलं?" काकू हसल्या. मला म्हणाल्या, "बघितलंस? असं ठोकून देतेत."

काकांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. चष्मा वरच्या खिशात होता.

"अंदाजानं म्हणलो," ते म्हणाले.

गाडी फलाटाला लागली तेव्हा मी पाटी वाचली. मोठ्या अक्षरात सटाणा, आणि खाली बोटाच्या पेराएवढ्या अक्षरात, अर्धवट पुसलेलं: वाया चांदवड-देवळा.

काकांनी काकूंना धरून वर चढवलं. "पायरी हाय. अजून एक. हां." काकूंना खिडकीशी जागा मिळाली. खिडकी उघडी होती. कंडक्टर चहा प्यायला गेला होता, गाडी सुटायला वेळ होता, आणि काकूंचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. काकू पट्टी नसलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होत्या, मी काहीतरी बोलेन म्हणून.

"सांभाळून जा," मी म्हणाले.